कोल्बेंची मूर्ती: आकडा वाचून घ्या
तलावपाळीजवळच्या दुकानात मिळणारी पोलंडचे कॅथलिक धर्मगुरू संत मॅक्सिमिलियन कोल्बेंची नऊ इंची रेझिनची मूर्ती. पट्ट्यांचा कैदी अंगरखा सुरेख उतरलाय, पण काही नगांवर कैदी क्रमांक १६६०७ रंगवलाय; खरा १६६७०. १९४१ मध्ये ऑशवित्झच्या नाझी छळछावणीत उपाशी मारायला निवडलेल्या, बायकोमुलं असलेल्या एका कैद्याच्या जागी ते स्वतः पुढे झाले. त्या मूर्तीवर आकडाच चुकावा? लहानपणी मेरीमातेने दर्शनात त्यांना देऊ केलेले दोन मुकुट मात्र बरोबर: पांढरा शुद्धतेचा, लाल हौतात्म्याचा. ते वेगळे चिकटवलेत, दमट हवेत सुटतात. दोन नळ्यांचं इपॉक्सी समप्रमाणात कालवून लावा, चोवीस तास हलवू नका. पांढरा गोंद ओलाव्याने मऊ पडतो. बैठक पोकळ, त्यामुळे डुगडुगते. कोरडी वाळू भरून बूच मारा.