एफएमजीई की प्लॅब? परदेशात एमबीबीएस करून पुण्यात परतल्यावर

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझा मित्र आणि मी शेजारी-शेजारी बसायचो. दोघंही किर्गिझस्तानातून डॉक्टर होऊन आलेले, दोघांची एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्यांना भारतात डॉक्टरकीसाठी द्यावी लागणारी परीक्षा, एकदा हुकलेली. पुढे त्याने प्लॅब, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांसाठीची इंग्लंडची परीक्षा दिली, मी इथेच राहिलो. आता दर वर्षी कुणाची तरी भाची, पुतण्या 'यातलं काय देऊ?' हाच प्रश्न घेऊन येतात.

एफएमजीईत 300 प्रश्न असतात. एकाच दिवशी दीडशे-दीडशेचे दोन पेपर आणि पास व्हायला 150. निगेटिव्ह मार्किंग नाही, वर्षातून दोनदा होते, कितीही वेळा देता येते. तरीही पाचांतले चार नापास, असे निकाल कित्येकदा लागलेत. कारण पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी, बायोकेमिस्ट्री सगळी परत येते आणि भारतातलं लसीकरणाचं वेळापत्रक, इथला टीबी कार्यक्रम यांवरही प्रश्न असतात. ते तिकडे कोण शिकवणार? माझे मार्क तिथेच गेले होते.

प्लॅबला आधी इंग्रजी सिद्ध करावं लागतं: आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 7.5 आणि प्रत्येक भागात किमान 7, किंवा ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. प्लॅबच्या पहिल्या भागात तीन तासांत 180 प्रश्न, बहुतेक 'पेशंट समोर आहे, आता काय कराल' या धाटणीचे. तो भारतात देता येतो. दुसऱ्यासाठी मात्र मँचेस्टरलाच जावं लागतं. तिथे 16 प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं, आणि पेशंटच्या जागी नट. मित्र अभ्यासिकेच्या जिन्यात माझ्यावर सराव करायचा. मी तापलेल्या बाळाची आई. तो पहिल्याच मिनिटाला निदान सांगून मोकळा व्हायचा आणि मी म्हणायचो, "अरे, मी अजून रडतेय, आधी मला काय झालं ते विचार." ही सवय लागायला त्याला महिने लागले.

पैशांचं म्हणाल तर प्लॅबच्या दोन भागांची फीच हजार पौंडांच्या वर जाते. व्हिसा, विमान, राहणं वेगळं. आणि पास झालात तरी मिळते ती नोंदणी, नोकरी नाही. सध्या तिथे एकेका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. कर्ज काढून जाणार असाल तर घरच्यांना हे आधीच सांगा.

इथे एफएमजीईनंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग बारा महिन्यांची इंटर्नशिप. पण परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीचे 18 नोव्हेंबर 2021 चे नियम ज्यांना लागू आहेत त्यांनी आपली कागदपत्रं आधी तपासावीत. 54 महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा कोर्स, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप, सगळं दहा वर्षांच्या आत. यात काही कमी असेल तर पुढे परीक्षेत कितीही मार्क मिळवून ते भरून निघत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्लॅबसाठी एफएमजीई लागत नाही, पण नुसत्या प्लॅबवर पुण्यात दवाखाना टाकता येत नाही. परत यायची थोडी जरी शक्यता असेल तर वाचलेलं ताजं असतानाच एफएमजीई देऊन टाका. चार-पाच वर्षांनी बायोकेमिस्ट्री पुन्हा उघडणं फार जड जातं. मित्र तिकडे मनापासून रमलाय, त्याला परत यायचंच नव्हतं. मला ओपीडीत "डॉक्टर, जीव घाबरा होतो" म्हणणारी आजी हवी होती.

भाचीला हेच सांगितलं. तिने जूनचा फॉर्म भरलाय, आयएल्ट्सचं निकालानंतर बघणार आहे.