द घोस्ट अँड मिसेस म्यूर (१९४७) : ब्लू-रे डिस्क घ्यावी का?

घ्यावी. जुने ब्लॅक अँड व्हाइट हॉलिवूड सिनेमे आवडत असतील तर डोळे झाकून घ्या, आणि नसतील आवडत तर कुणाची तरी मागून आणा पण हा एक बघाच.

भुताचा सिनेमा म्हटलं की आपण घाबरायच्या तयारीनेच बसतो, इथे ते होत नाही. साल १९०० च्या आसपासचं इंग्लंड. ल्युसी म्यूर ही तरुण विधवा सासू आणि नणंदेच्या घरातून मुलीला आणि मोलकरीण मार्थाला घेऊन बाहेर पडते आणि समुद्राकाठचं गल कॉटेज भाड्याने घेते. घर इतकं स्वस्त का, तर तिथे कॅप्टन डॅनियल ग्रेगचं भूत आहे. लोकांना वाटतं त्याने आत्महत्या केली, प्रत्यक्षात झोपेत पाय लागून गॅसचा हीटर चालू झाला आणि तो गेला. आणि हे तो स्वतःच सांगतो, तेही चिडून!

जीन टिअर्नी ल्युसी झालीय आणि रेक्स हॅरिसन कॅप्टन. दिग्दर्शक जोसेफ मॅन्कीविझ, ज्याने पुढे लागोपाठ दोन वर्षं दिग्दर्शन आणि पटकथा दोन्हींची ऑस्कर नेली.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की भूत दाखवायला जवळजवळ काहीच ट्रिक वापरलेली नाही. हॅरिसन पारदर्शक दिसत नाही, भिंतीतून जात नाही, नुसता असतो आणि मग नसतो. ल्युसी पहिल्यांदा घर बघायला येते तेव्हा अंधाऱ्या खोलीत एकदम एक चेहरा दिसतो, ती दचकते, आपणही दचकतो, आणि मग कळतं की ते भिंतीवरचं कॅप्टनचं तैलचित्र आहे, उजेड फक्त चेहऱ्यावर पडलाय. बस एवढंच केलंय, पण त्या क्षणापासून तो माणूस त्या घरात आहे हे आपण मान्य करून टाकतो. नंतर वादळी रात्री स्वयंपाकघरात मेणबत्ती विझते, ती पाणी तापवायला आलेली असते, आणि पळून जायच्या ऐवजी ती अंधारालाच सुनावते की बायकांना घाबरवण्यापलीकडे तुला काही जमतं का, भित्रा कुठला. मग अंधारातून आवाज येतो, मेणबत्ती लाव म्हणून. या सीनसाठी मी डिस्क परत परत लावते.

हे असं जमतं ते चार्ल्स लँगच्या कॅमेऱ्यामुळे, त्याला या कामासाठी ऑस्करचं नॉमिनेशन होतं. आणि म्हणूनच प्रिंट चांगली पाहिजे. मोबाईलवरच्या धुरकट कॉपीत त्या खोलीचा नुसता काळा डाग होतो. डिस्कवर काळ्यातसुद्धा वेगवेगळ्या छटा दिसतात, खुर्चीची कड, पडद्याची घडी, खिडकीबाहेरचा समुद्र.

दुसरी गोष्ट बर्नार्ड हर्मनचं संगीत. लाटांसारखं चढतं आणि ओसरतं, आणि जिथे माणसं बोलत नाहीत तिथे तेच बोलतं. हेडफोन लावून ऐका.

पैसे संपतात तेव्हा कॅप्टन तिला आपल्या आठवणी सांगतो, ती टाइप करते आणि पुस्तक छापून येतं. हा भाग खूप मजेचा आहे, त्याच्या शिव्या टाइप करताना तिचा चेहरा बघण्यासारखा. पण मग कॅप्टन ठरवतो की हिने जिवंत माणसांत जगावं. ती झोपलेली असताना तो तिच्याजवळ उभा राहून निरोप घेतो आणि नॉर्वेचे फिओर्ड, बार्बाडोस, फॉकलंड असं एकेका जागेचं नाव घेत जातो, जिथे तिला नेता आलं असतं आणि आता येणार नाही. अद्भुत सिनेमा म्हणजे चमत्कार असं ज्यांना वाटतं त्यांनी हा सीन बघावा. इथे भूत आहे ते फक्त यासाठी की दोन माणसांनी एका घरात राहावं, एकमेकांवर जीव लावावा आणि हातसुद्धा धरता येऊ नये. जिवंत हिरो घेऊन ही गोष्ट झालीच नसती.

पुढे वर्षं जातात ती कशी दाखवलीत, तर किनाऱ्यावरच्या लाकडी खांबावर छोट्या अ‍ॅनाचं नाव कोरलेलं आहे आणि लाटा त्याच्यावर आदळत राहतात, खांब झिजत झिजत कलतो. छोटी अ‍ॅना म्हणजे नॅटली वुड बरं का, अगदी लहानपणीची. शेवट सांगत नाही.

मधला जॉर्ज सँडर्सचा भाग थोडा रेंगाळतो असं मला वाटतं. ल्युसीच्या मागे लागणारा, गुळगुळीत बोलणारा लेखक तो उत्तमच करतो, पण हा माणूस बरा नाही हे आपल्याला पहिल्या भेटीतच कळतं आणि ल्युसीला कळायला फार वेळ लागतो. शिवाय तेवढा वेळ कॅप्टन जवळजवळ गायब, आणि घर रिकामं वाटतं.

घेण्याआधी रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते ते, नक्की तपासा. ब्लू-रेमध्ये अमेरिका रीजन ए आणि आपण रीजन सी, त्यामुळे बाहेरून मागवलेली डिस्क आपल्या प्लेअरवर चालेलच असं नाही, विक्रेत्याला आधी विचारा किंवा ऑल-रीजन प्लेअर ठेवा. मराठी-हिंदी सबटायटल्सची अपेक्षा नको, पण इंग्रजी सबटायटल्स आहेत का ते बघून घ्या, कॅप्टनची खलाशी भाषा समजायला लागतात. सिनेमा १०४ मिनिटांचा आहे, रात्री जेवणं आटपून बसलात तरी वेळेत संपतो. दिवे मात्र बंद करा, खोलीत उजेड असला तर त्या तैलचित्राच्या सीनची सगळी मजा जाते.