लिथियम आणि लॅमोट्रिजिन: यवतमाळच्या उन्हातले माझे अकरा महिने

आमच्या भागात कुणाबद्दल "त्यानं औषध घेतलं" असं कानावर आलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कपाशीवर फवारतात तेही औषधच. म्हणून घरात मी माझ्या गोळ्यांना गोळ्याच म्हणते. मला बायपोलर आहे, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी त्याच्या उलटं उधाण येणारा मनाचा आजार. त्याच्या या दोन गोळ्यांबद्दल मराठीत, खेड्यात राहणाऱ्या बाईनं लिहिलेलं मला सुरुवातीला काही सापडलं नव्हतं. तेव्हा ते मिळालं असतं तर मे महिन्यातला एक मोठा प्रसंग टळला असता.

मी ३७ वर्षांची आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि तूर. घरी मी शिलाई करते. सध्या रात्री लिथियम ८०० मिलिग्रॅम, सावकाश विरघळणाऱ्या दोन गोळ्या, आणि सकाळी लॅमोट्रिजिन २०० मिलिग्रॅम.

त्याआधीची सहा वर्षं उदासी आणि धडधड यांच्यात गेली. सकाळी उठवायचं नाही, आणि संध्याकाळी हे शेतातून यायला जरा उशीर झाला की छातीत असं धडधडायचं की दोनदा ईसीजी काढून झाला. ईसीजी चांगला. मग टेन्शनची म्हणून एक उदासीची गोळी सुरू झाली, एकटीच. तीनेक आठवड्यांत मी उदास राहिलेच नाही. रात्री दोन-अडीच तास झोप पुरायची, तीन रात्रींत एकोणीस ब्लाऊज शिवले, उधारीवर अस्तराचे ठाण आणले, नणंदेशी कडाक्याचं भांडण केलं. घरचे म्हणाले, बरी झाली. महिन्याभरात मी पूर्वीपेक्षाही खोल पडले. त्या दिवसांत काय काय विचार आले ते इथे लिहीत नाही. ह्यांनी फवारणीचे डबे उचलून चुलत दिरांच्या खोलीत कुलूप लावून ठेवले, अजूनही तिथेच आहेत.

नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "याच्या उलटं कधी झालं होतं का? झोप कमी आणि काम जास्त?" सहा वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मीही कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. ते दिवस मला आजार वाटलेच नव्हते. बायपोलरमध्ये उदासीची गोळी एकटी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. ती गोळी हळूहळू बंद केली आणि डिसेंबरात लिथियम सुरू झालं. याच आजाराची दुसरी गोळी, व्हॅल्प्रोएट, का नाही, असं विचारलं तर म्हणाले, मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो देत नाही, पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो.

दोन गोळ्या का, हे मी माझ्या शब्दांत सांगते. लिथियम वरचं टोक धरून ठेवतं, आणि जीव नकोसा होण्याच्या विचारांवरही त्याचा उपयोग होतो असं मला सांगितलं गेलं. लॅमोट्रिजिन खाली पडू देत नाही. ते गेलेली उदासी परत येऊ नये म्हणून जास्त कामाचं, आलेल्या उदासीतून चटकन उचलून काढणारं नव्हे. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस दुसऱ्या महिन्यात कंटाळून सोडून देतो.

लॅमोट्रिजिन चढवायला फार वेळ लागतो: दोन आठवडे २५, दोन आठवडे ५०, मग १००, मग २००. घाई केली तर अंगावर पुरळ येऊ शकतं, क्वचित ते जिवावर बेतणारं असतं. तोंड सोलतं, डोळे लाल होतात, ताप येतो. जास्त भीती पहिल्या आठ आठवड्यांत. माझा सातवा आठवडा होळीच्या आसपास आला आणि मानेवर, पाठीवर बारीक लाल पुरळ उठलं. आमच्याकडे तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं, दरवर्षी घामोळं येतंच. पण रात्रभर मी डोळे आणि तोंड आरशात पाहत बसले. फोनवर डॉक्टरांनी गोळी थांबवून दुसऱ्या दिवशी बोलावलं. पाहिलं, घामोळंच निघालं. तरी सांगते, हे आपलं आपण ठरवू नका, दाखवून घ्या. आणि ही गोळी पाचेक दिवसांपेक्षा जास्त चुकली तर पुन्हा २५ पासून चढावं लागतं. तालुक्याच्या मेडिकलात ती दोनदा संपलेली होती, म्हणून मी दहा दिवसांच्या गोळ्या डब्यात वेगळ्या ठेवते.

आता लिथियम. हे एक प्रकारचं मीठच आहे, आणि मूत्रपिंडाला ते आपल्या खायच्या मिठासारखंच वाटतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, त्याच्याबरोबर लिथियमही. रक्तात ते साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये हवं. त्याहून फार वर गेलं की विषासारखं चढतं. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांचे व्हिडिओ बघून मला वाटायचं की भरपूर पाणी प्या म्हणजे झालं. विदर्भातल्या मे महिन्यात नुसत्या पाण्यानं भागत नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात लग्नाचं जेवण जेवून आले आणि जुलाब लागले. त्याआधी चार दिवस मशीनवर वाकून कंबर धरली होती, म्हणून बाजाराच्या दिवशी एका डॉक्टरांकडून दुखण्याचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते डायक्लोफेनॅक होतं. हे औषध मूत्रपिंडातून लिथियम बाहेर जाणं कमी करतं. ऊन ४५ च्या वर, जुलाब, आणि वरून हे. तिसऱ्या दिवशी हात बारीक थरथरायचे सोडून धडधडा हलायला लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कैरीचं पन्हं पाजलं, कांदा कापून तळपायाला लावला. ह्यांनी डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "लिथियम आजपासून बंद, गाडी काढा." रक्तात १.६ आलं. दोन रात्री सलाइन. त्यानंतर सावकाश विरघळणाऱ्या गोळीवर आणलं.

तेव्हापासून आमच्या दाराच्या मागे पाटी आहे, माझ्या मुलीच्या अक्षरात: दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल. जुलाब-उलटी झाली की लिथियम थांबवून फोन. ताकात मीठ घालायचं. शेतात जाताना दोन बाटल्या, एकीत साखर-मिठाचं पाणी. कुणी बीपीसाठी मीठ कमी कर म्हणालं तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

उपवासाचा प्रश्न फार नाजूक आहे. हरतालिका मी लग्नापासून निर्जळ करत आले. या वर्षी पाणी आणि मिठाच्या भगरीवर केली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण नवरात्रात त्यांनीच मला ताकाचा पेला आणून दिला, आणि त्यावर काही बोलल्या नाहीत. अजूनही अधूनमधून म्हणतात, "बरी झाली नं आता, मंग कायले खातं वं गोळ्या?" मी त्यांना मेमधल्या आणि त्याच्याही आधीच्या दिवसांची आठवण करून देते.

रक्त तपासणीबद्दल एक. रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं. पहिल्या वेळी, तेव्हा लिथियम सकाळीही असायचं, मी पहाटे सवयीनं त्याची गोळी घेऊन एसटीत बसले, आकडा खोटाच मोठा आला, पुन्हा पन्नास किलोमीटर जावं लागलं. आता रात्री नवाला गोळी, सकाळी नवाला रक्त, पहिल्या गाडीनं ते जमतं. सप्टेंबरात ०.७ होतं. त्याच्यासोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड, कॅल्शियम. ऑगस्टमध्ये माझं टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, वाढलेलं निघालं, आता थायरॉक्सिनची छोटी गोळी आहे. लिथियमनं हे बऱ्याच जणींना होतं आणि गोळीनं भागतं.

त्रास सांगायचे तर तहान, रात्री दोनदा अंगणात उठणं, चार किलो वजन. आणि हाताची बारीक थरथर. शिलाई करणाऱ्या बाईला हे लहान नाही. सुईत दोरा ओवायला मला मुलगी लागते, काज-बटण सावकाश करते, कटोरी ब्लाऊज घेणं कमी केलं. सावकाश विरघळणाऱ्या गोळीनं थरथर निम्म्यावर आली, गेली नाही. आणि ते एकोणीस ब्लाऊजचे दिवस मला आठवतात. त्यांची ओढ वाटते हे मी डॉक्टरांनाही सांगितलंय.

उदासी जूनपासून आली नाही. मला ते कळलं कशावरून, तर एके दिवशी मी उधारीची वही काढून सगळ्यांचे हिशेब मांडले आणि आशाताईंकडून अडीचशे रुपये मागूनही आणले. पूर्वी मी आपलेच पैसे मागायला घाबरायची. भीती मात्र गोळ्यांनी पूर्ण गेलेली नाही. धडधड येते, दहा-पंधरा मिनिटांत उतरते. झोपेची जी गोळी सुरुवातीला होती ती डॉक्टरांनी एप्रिलपर्यंत कमी करत बंद केली, सवय लागते म्हणून. भीतीसाठी जिल्ह्याच्या समुपदेशक ताईंकडे सहा वेळा गेले, श्वास आणि विचार लिहून काढणं शिकले, त्याचा फायदा गोळीपेक्षा वेगळा आहे. जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. मी एकदा रात्री दीड वाजता लावला होता, उचलला.

माझा डोस तुमचा डोस नाही. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर लॅमोट्रिजिनचं प्रमाण रक्तात कमी होतं, तेही आधी सांगा.

सध्या वेचणी चालू आहे. पुढची तपासणी डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी. आकडा आला की इथेच खाली लिहीन.