भिगवणची बोट राईड: पक्षी मस्त, जॅकेट मागून घ्या

रविवारी पहाटे ४ ला पुण्यातून निघालो, सोलापूर रोडने उजेडायच्या आत भिगवणला. रोहित पक्षी अगदी जवळून दिसले, नावाडी दादांना प्रत्येक पक्ष्याचं नाव पाठ, आणि थवा उडू नये म्हणून इंजिन लांबूनच बंद करून बांबूने होडी ढकलत नेली, त्यासाठी पैकीच्या पैकी मार्क.

पण लाईफ जॅकेट मागितल्यावरच मिळालं हो, आणि माझ्या ६ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचं दिलं, पट्टा आवळला तरी खांद्यावरून निसटत होतं. शेवटी मीच ओढणीने बांधलं. भिगवणचं हे पाणी उजनी धरणाचं, आणि याच उजनीत मे २०२४ मध्ये कळाशी-कुगाव या गावांमधली होडी वादळी वाऱ्यात उलटून ६ जण गेले, ते डोक्यातून जात नव्हतं. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ ला अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, इंजिनवाल्या बोटीला नोंदणी, तपासणी, विमा सगळं लागतं. मी सर्टिफिकेट विचारलं तर "घरी आहे ताई" म्हणाले. किती माणसं बसवायची तेही होडीवर कुठे लिहिलेलं नव्हतं, आम्ही आठ जण होतो.

३ स्टार. लहान मुलांची जॅकेटं आणली की परत नक्की येणार, दादांना तसं सांगून आलेय.