टॉर की आयटूपी : निवड करण्यापूर्वी

आपली ओळख उघड न करता नेहमीची संकेतस्थळे वाचायची असतील, तर टॉर हे ओळख लपवणारे जाळे घ्यावे. संकेतस्थळ चालवणे किंवा फाइलींची देवाणघेवाण हे सारे एका बंदिस्त जाळ्याच्या आतच करायचे असेल, तर आयटूपी या तशाच दुसऱ्या जाळ्याचा विचार करावा. दोन्हींत माहिती कूटबद्ध होऊन अनेक संगणकांमधून फिरत जाते, म्हणून वरवर ती सारखीच वाटतात. मात्र त्यांच्या नाजूक जागा निराळ्या आहेत.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील कामातून टॉर उभे राहिले आणि २००२ मध्ये त्याचे जाळे सुरू झाले. नेहमीच्या वापरात वाटेत तीन रिले, म्हणजे माहिती पुढे पोहोचवणारे संगणक, लागतात : पहिल्याला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील तुमच्या जोडणीचा क्रमांक) कळतो पण तुम्ही कुठे निघालात ते कळत नाही, तर शेवटच्याला, म्हणजे एक्झिट रिलेला, मुक्काम कळतो पण प्रवासी कळत नाही. धोका आहे तो या शेवटच्या टप्प्यावर. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश संशोधकाने स्वतःच्या एक्झिट रिलेंवरून अनेक वकिलातींच्या ईमेल खात्यांचे पासवर्ड मिळवले, आणि त्यांत भारतीय वकिलातीही होत्या. टॉरमध्ये बिघाड नव्हता. तो मजकूर शेवटच्या टप्प्यावर उघडाच जात होता. म्हणून पत्त्यात एचटीटीपीएस (संकेतस्थळापर्यंत मजकूर कूटबद्ध जात असल्याची खूण) नसेल, तर तिथे पासवर्ड कदापि टाकू नये.

२००३ मध्ये सुरू झालेल्या आयटूपीत ही चिंता फारशी उद्भवत नाही, कारण बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारे दरवाजे तिथे मोजकेच आहेत. माहिती जाण्याचे आणि येण्याचे मार्ग, म्हणजे बोगदे, वेगळे असतात व साधारण दहा मिनिटांनी बदलतात. मात्र सहसा प्रत्येक वापरकर्ता इतरांचीही वाहतूक वाहतो आणि त्यामुळे त्याचा आयपी पत्ता जाळ्यातील इतरांना दिसू शकतो. तुम्ही काय करता हे लपते, पण तुम्ही आयटूपी वापरता हे लपेलच असे नाही.

जोडणी होत नसेल, तर दोन्हींत आधी संगणकाचे घड्याळ पाहावे, कारण ते चुकीचे असेल तर जोडणी अडते. माझ्या जुन्या लॅपटॉपमधील घड्याळाचा सेल संपला होता. टॉर अर्ध्यावर अडकत होते, मी तासभर वाय-फायला दोष देत बसलो आणि लॉग, म्हणजे टॉरने ठेवलेल्या नोंदी, उघडल्यावर तारीखच कित्येक वर्षे मागे असल्याचे दिसले. घड्याळ बरोबर असूनही टॉर अडत असेल, तर वाटेत ते अडवले जात असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा सेटिंग्जमधून स्नोफ्लेक किंवा ओबीएफएस४ ब्रिज, म्हणजे अडवणूक चुकवून टॉरपर्यंत नेणारा आडमार्ग, निवडावा. आयटूपी सुरुवातीला संथच असते. त्याला स्थिरावायला वेळ द्यावा. ‘फायरवॉल्ड’, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडतात, असे दिसल्यास घरच्या राउटरवर पोर्ट (त्या जोडण्यांचा दरवाजा) उघडून पाहावा, परंतु सेवादाता एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटत असेल, तर त्याचा उपयोग होत नाही.

नवख्याला मी टॉर ब्राउझरच सुचवीन, कारण त्यात बहुतेक काळजी आधीच घेतलेली असते. त्यात वेगळी एक्स्टेन्शन्स घालू नयेत, एवढे पथ्य मात्र पाळावे. आयटूपीसाठी ब्राउझरचे स्वतंत्र प्रोफाइल करून प्रॉक्सी (ब्राउझरची वाहतूक आयटूपीकडे वळवणारा मध्यस्थ) १२७.०.०.१, पोर्ट ४४४४ अशी सहसा स्वतःच नेमावी लागते, आणि तिथली चूक महागात पडते. शिवाय त्यासाठी संगणक बराच काळ चालू ठेवण्याची तयारी हवी. बंद करतानाही आयटूपीच्या राउटर कन्सोल या नियंत्रण-पानावरून सावकाश बंद करण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे आपल्यातून जाणारे इतरांचे बोगदे मुदत संपेपर्यंत टिकतात.