टीपीएस २०५१बी : यूएसबी पोर्टसाठी पॉवर स्विच चिप, वर्षभराच्या वापरानंतर

परभणीतील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जून-जुलैमध्ये सर्वाधिक येणारी तक्रार म्हणजे ‘पोर्ट चालत नाही’. पीकविम्याचे अर्ज भरण्याच्या दिवसांत सेवा केंद्रांतील एकाच यूएसबी हबला (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) अंगठ्याचे यंत्र, वेबकॅम आणि शेतकऱ्याचा पेन ड्राइव्ह लटकलेला असतो, आणि ओढाताणीत पोर्टमधील ५ व्होल्टची पत्ती वाकून धातूच्या कवचाला टेकली की शॉर्ट झालाच म्हणून समजावे. अशा हबांवर गेले वर्षभर मी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पाच पायांची टीपीएस २०५१बी बसवत आलो आहे.

स्वस्त हबांत चारही पोर्टांना मिळून एकच पॉलिफ्यूज (जास्त प्रवाहाने तापून वीज तोडणारा आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडणारा फ्यूज) असतो, काहींत तोही नसतो. पॉलिफ्यूज उष्णतेवर चालतो, म्हणून तो तुटायला वेळ लागतो आणि एकदा तुटला की त्याचा रोध काही काळ वाढलेलाच राहतो. शिवाय त्यावर छापलेली क्षमता साधारण २० ते २५ अंशांसाठीची असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत, बंद डब्याच्या आत, ती बरीच खाली येते आणि काहीही बिघाड नसताना फ्यूज तुटतो. या चिपची मर्यादा मात्र ०.७५ ते १.२५ अँपिअर अशी बांधलेली आहे. शॉर्ट झाल्यास ती प्रवाह तेवढ्यावरच रोखते, तापली की स्वतः बंद होते, थंड झाली की पुन्हा प्रयत्न करते, आणि शेजारचे पोर्ट चालू राहतात. आतील स्विचचा रोध सुमारे ७० मिलिओहम असल्याने ५०० मिलिअँपिअरला केवळ ३५ मिलिव्होल्ट खर्ची पडतात.

मला सर्वाधिक आवडला तो बिघाड कळवणारा तिसरा पाय. बिघाड होताच तो शून्यावर येतो, म्हणून ५ व्होल्टपासून दीड किलोओहम आणि लाल एलईडी त्याच्याशी जोडला की कोणत्या पोर्टात घोटाळा आहे हे केंद्रचालकालाही दिसते. ‘सगळा हबच गेला’ असे सांगत येणारे फोन त्यामुळे बरेच कमी झाले.

खरेदी करताना क्रमांक दोनदा वाचावा. टीपीएस २०४१बी दिसायला आणि पायांच्या क्रमाने अगदी तशीच आहे, परंतु २०५१ चालू होण्यासाठी चौथ्या पायावर ५ व्होल्ट लागतात, तर २०४१ ला तेथे शून्य लागते. मी घाईत दुसरी मागवली आणि संपूर्ण संध्याकाळ मृत पोर्टाशी झुंजलो; दोष सर्वस्वी माझाच.

डेटाच्या तारांवरील स्थिर विजेचा झटका ही चिप अडवत नाही, त्यासाठी वेगळे डायोड लागतात. यूएसबी २.० मानकानुसार हबच्या बाहेर जाणाऱ्या ५ व्होल्टवर किमान १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. स्वस्त हबांत त्याची जागा बहुधा रिकामीच असते, आणि तो बसवल्याशिवाय नवा पेन ड्राइव्ह लावताच शेजारच्या अंगठ्याच्या यंत्राचा संपर्क तुटण्याचा त्रास या चिपनेही जात नाही. यूएसबी ३.० च्या पोर्टाला ९०० मिलिअँपिअर द्यावे लागतात, तेव्हा तेथे ही न लावता त्याच मालिकेतील १ अँपिअरची टीपीएस २०६५ घ्यावी.