जगात जर्मनी, परभणीत पियानो: आठ महिन्यांनंतर

मी पेटीवाला माणूस. वीस वर्षं भजनी मंडळात साथ करतोय. गेल्या दिवाळीत ऑनलाइन पियानो क्लास लावला. सर गोव्याचे, पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीत शिकलेले, स्वतः संगीतरचनाही करतात. आठवड्याला एक तास, महिन्याला चार हजार.

सुरुवातीलाच एक खर्च वाढला. घरात ६१ पट्ट्यांचा जुना कीबोर्ड होता, हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. सरांनी दहा मिनिटं ऐकलं आणि नको म्हणाले. मग संभाजीनगरहून ८८ वजनदार (म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड दाबाच्या) पट्ट्यांचा सेकंडहँड डिजिटल पियानो टेम्पोत घालून आणला. खरा तारांचा घेतला नाही ते बरंच केलं. आमच्या मे महिन्यात तो बेसूर झाला असता, तर सुरात लावायला माणूस कुठून आणणार?

खरी गंमत डाव्या हाताची. पेटीवर त्याला एकच काम, भाता. त्यामुळे उजवा हात पदवीधर आणि डावा अंगठाछाप. सरांनी लावून दिला जी मेजरमधला मिन्युएट, म्हणजे नाचाच्या तालातली छोटी रचना, जो वर्षानुवर्षं संगीतकार बाखच्या नावावर खपला पण मुळात ख्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे. (दोघंही जर्मन, तेव्हा आपल्या परभणीची म्हण एकदाची सार्थकी लागली.) दोन्ही हात एकत्र आले की माझं डावं कोपर आपोआप पुढे-मागे व्हायचं. सर कॅमेऱ्यात बघत म्हणाले, "आपका हाथ हवा भर रहा है." मग तीन आठवडे फक्त डावा हात. सा करंगळीवर, प वर अंगठा आला की मधलं बोट त्याच्यावरून ओलांडून ध वर. अंगठा न हलवता हे करायचं. बायको म्हणाली, सुपारी कातरल्यासारखं दिसतंय.

तक्रार आहे ती आवाजाची. सूर धरून ठेवला की दोन सेकंदांत पलीकडे गायब. मी सूर लांबवणाऱ्या पेडलला दोष देत बसलो. दोन महिन्यांनी कळलं, व्हिडिओ कॉलचं ॲप लांबलेला सूर गोंगाट समजून कापतं; सेटिंगमध्ये मूळ आवाज चालू करावा लागतो. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आवाज उशिरा पोचतो म्हणून दोघांनी एकत्र वाजवणं जमतच नाही. सर आपला भाग रेकॉर्ड करून पाठवतात, त्यावर मी वाजवतो. डिसेंबरात त्यांच्या कार्यक्रमांमुळे तीन क्लास पुढे ढकलले गेले. लाइट जाण्याचं पाप मात्र आमच्याकडचं.

पैसे वसूल झाले ते भूपातल्या एका अभंगाच्या दिवशी. चालीखाली कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सूर, लावून द्या म्हटलं. मी आपला सा, म, प असे तीन कॉर्ड धरून बसलो होतो. सरांनी विचारलं, या रागात कोणते सूर चालत नाहीत? म आणि नी. "मग तुमच्या म च्या कॉर्डमध्ये काय आहे?" म-ध-सा. प चा काढला तर प-नी-रे. दोन्ही बाद! भूपाच्या पाच सुरांत तीन सुरी कॉर्ड बसतात दोनच, सा-ग-प आणि ध-सा-ग. बाकी जागी त्यांनी नुसते रे-प धरले, काही ठिकाणी डावा हात उचलूनच ठेवायला लावला. रचनाकार असलेला शिक्षक वेगळा कसा, ते तेव्हा कळलं. नोटेशन वाचायला मात्र अजून अडखळतो, डाव्या हाताच्या खालच्या ओळीत तर बोटानं मोजत जातो. ग्रेडच्या परीक्षेचा त्यांचा आग्रह आहे, मला त्यात रस नाही.

पुढच्या तीन महिन्यांची फी भरली आहे. परवा आषाढीला मंदिरात पेटीवर बसलो, अभंग रंगात आला आणि पेटी एकदम मुकी झाली. पखवाजवाले बुवा वळून बघायला लागले. माझा डावा हात भाता सोडून पट्ट्यांवर येऊन बसला होता.